‘पिशवी काढली’ या दोन शब्दांमागे

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक महिलांची नोंद झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. हा आकडा नसता तर कोणी हललेच नसते. तरीही माजलगाव तालुक्यात परिचारिका म्हणून काम करताना जाणवते, की ‘कारण’ या रकान्यात बाईचे उत्तर मावत नाही.

त्या उत्तरासाठी शुश्रूषाशास्त्रात कथनाधारित संशोधनाची पद्धत आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या ग्रंथात परिचारिकांनी सांगितलेल्या प्रसंगांवरूनच त्यांचे कसब कसे घडत जाते ते मांडले. हीच पद्धत रुग्णाकडे वळवता येते.

‘पिशवी का काढली?’ विचारले, की उत्तर येते, ‘तरास व्हता.’ तेच ‘ताई, पहिल्यांदा दुखलं तिथून सांगा’ म्हटले, की बोलणे उसाच्या फडावर जाते. तिथे आडोसा नाही, पाळीचे कापड धुवायला पाणी नाही. अंगावरून पांढरे जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून तिचा खाडा हा जोडीचा खाडा; मुकादमाची उचल तर आधीच खर्चलेली. मग कोणीतरी कॅन्सरची भीती घालतो. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी पुन्हा उचल. आजार, कर्ज आणि निर्णय यांचा हा क्रम तक्त्यात दिसत नाही, कथनात दिसतो.

अर्थात, या नुसत्या गप्पा नव्हेत. आधी संमती घ्यायची. तिचेच शब्द टिपायचे, मध्ये तोडायचे नाही. लिहिलेले तिला वाचून दाखवायचे. तारखा आठवत नाहीत, तेव्हा सणावरून, लेकराच्या वयावरून काळ बसवायचा. दवाखान्याची फाईल असेल तर ताडून पाहायचे. अनेकींच्या कथनांत तेच वळण येते का, हे शोधायचे. शिवाय मी तिच्या लेखी ‘सरकारी बाई’ आहे, म्हणून ती काय गाळते याचीही नोंद ठेवायची. (माझ्या मते हा भाग सर्वांत अवघड.)

नाव बदलून भागत नाही. मुलांची संख्या, कारखाना, शस्त्रक्रियेचे साल एवढ्यावरून वस्तीत कोणीही ओळखतो, आणि मुकादमाला कळले तर पुढची उचल तुटते. त्यामुळे काही कथनांतला सर्वांत बोलका तपशील मी बाहेरच ठेवते. काढायचा की ठेवायचा, हे तीच ठरवते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. उरलेली वाचने त्या परतल्यावर, उन्हाळ्यात.