क्लोरोफॉर्म आणि हैदराबादचा धडा

आबिड्सहून मुसी नदीच्या रोखाने निघाले, की अफझलगंजचा भाग लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील रुग्णालयात क्लोरोफॉर्म या द्रवाची जी कसून परीक्षा झाली, तिचे पडसाद थेट लंडनपर्यंत उमटले.

क्लोरोफॉर्म रंगहीन, गोडसर वासाचा व पाण्याहून सुमारे दीडपट जड असतो. तो ६१ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो व सहसा पेट घेत नाही. १८४७ साली एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनी त्याच्या वाफेने रुग्णास बेशुद्ध करण्याची रीत प्रचारात आणली. शस्त्रक्रियेतील यातना टळल्या. परंतु पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत दगावली. अशा वेळी आधी श्वास थांबतो की हृदय, असा वाद सुरू झाला.

त्याच्या निर्णयासाठी सहावे निजाम महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ व १८८९ साली हैदराबादेत दोन समित्या बसल्या. हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी त्यांचे प्रवर्तक होते. दुसऱ्या समितीसाठी लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून निष्कर्ष काढण्यात आला : आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून, म्हणून श्वासावर लक्ष ठेवावे, म्हणजे धोका नाही.

परंतु १९११ साली गुडमन लेव्ही यांनी प्रयोगाने दाखविले, की गुंगी हलकी असतानाही हृदयाचे स्पंदन एकाएकी विस्कळीत होऊन मृत्यू ओढवू शकतो. हैदराबादचे निरीक्षण खोटे नव्हते; मात्र ते अर्धेच सत्य होते.

या द्रवाचे दोष एवढ्यावरच संपत नाहीत. तो यकृताला इजा करतो. हवा व प्रकाश यांच्या संयोगाने त्यापासून फॉस्जीन हा वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात माणसे मारण्यासाठी वापरला गेला, तोच हा वायू. म्हणूनच क्लोरोफॉर्म गडद तपकिरी बाटलीत, थोडे अल्कोहोल मिसळून ठेवतात.

आज बेशुद्धीसाठी त्याची जागा अधिक सुरक्षित औषधांनी घेतली आहे. तरीही प्रयोगशाळेत द्रावक म्हणून, तसेच शीतक वायू व टेफ्लॉन यांच्या निर्मितीत त्याचा उपयोग होतो.

विद्यार्थिमित्रांनो, शेकडो प्रयोगांनंतरही ज्या द्रवाने जाणत्यांना चकविले, त्याची बाटली हुंगून पाहण्याचा मोह आपण टाळलाच पाहिजे. विषाची एक बाजू कळली, म्हणजे ते विष निरुपद्रवी झाले असे नव्हे.