'लीगल हाये ना भाऊ?'

आयपीएल सुरू झाली की पाटणी चौकापासून पुसद नाक्यापर्यंत कुठल्याही टपरीवर दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. एक, स्कोअर किती झाला? आणि दुसरा, जरा हळू आवाजात, 'ॲपवर पैसे लावले तर चालते ना? लीगल हाये ना भाऊ?'

पहिल्याचं उत्तर मोबाईल देतो. दुसऱ्याचं उत्तर जो तो आपल्या सोयीनं देतो. कुणी म्हणतं, जाहिरातीत एवढा मोठा क्रिकेटर होता, म्हणजे लीगलच. कुणी म्हणतं, टॅक्स कापते ना, मग सरकार नाही कसं म्हणेल? आणि कुणी म्हणतं, पोलीस वरलीवाल्याला पकडतात, मोबाईलवाल्याला थोडीच!

तिन्ही उत्तरं चूक आहेत. कशी, ते बघू.

महाराष्ट्रात जुगाराला बंदी घालणारा कायदा १८८७चा आहे. मोबाईल सोडा, तेव्हा आपल्या वाशीममध्ये विजेचा दिवाही नव्हता. पेपरात 'जुगार अड्ड्यावर छापा' अशी बातमी येते, वरली मटक्याच्या चिठ्ठ्या जप्त होतात, पोळ्याच्या दिवशी पत्ते कुटणारे पकडले जातात, ते सगळं याच कायद्याखाली. सट्टा आणि पैज या दोन्ही गोष्टी त्यात 'जुगार' या शब्दातच येतात. म्हणजे मॅचवर पैसे लावणं आपल्याकडे कधीच कायदेशीर नव्हतं.

मग ॲपवाल्यांचं इतकी वर्षं कसं चाललं? याच कायद्याच्या कलम १३मुळे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, असं ते कलम सांगतं. त्यामुळे सगळी लढाई एकाच प्रश्नावर आली, डोकं की नशीब?

साठच्या दशकात सिकंदराबादच्या एका क्लबचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्ट म्हणालं, रमी ही तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही. कोणतं पान पडलं ते लक्षात ठेवावं लागतं, कोणतं ठेवायचं, कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं. पुढे २०१९मध्ये मुंबई हायकोर्टानं ड्रीम इलेव्हनसारख्या फँटसी खेळालाही कौशल्याचा खेळ मानलं. या आधारावर जाहिरातींचा पूर आला. त्यात 'सवय लागू शकते, जबाबदारीनं खेळा' ही ओळ इतक्या वेगात वाचली जायची, की ऐकणाऱ्याला फक्त जिंकणारा आकडा लक्षात राहायचा.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं हा प्रश्नच बदलला. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा २० तारखेला लोकसभेत, २१ला राज्यसभेत मंजूर झाला आणि २२ला राष्ट्रपतींची सही झाली. डोकं की नशीब, हे हा कायदा विचारतच नाही. तो विचारतो, पैसे लावलेत का? जिंकण्याच्या आशेनं पैसे भरायचे असतील, तर तो खेळ कौशल्याचा असला तरी चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड. पैशांचे व्यवहार करून देणाराही यातून सुटत नाही. कंपन्या या कायद्याविरुद्ध कोर्टात गेल्या. पण ड्रीम इलेव्हनसह मोठ्या ॲप्सनी पैशांचे खेळ लगेच बंद केले. क्रिकेटरचा फोटो काही त्यांना वाचवू शकला नाही. आणि टॅक्सचं म्हणाल, तर कर कापला म्हणून धंदा कायदेशीर होत नाही.

नवा कायदा नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा देत नाही. हे कळलं की लगेच एक जण म्हणतो, 'मंग काय टेन्शन?'

टेन्शन इथूनच सुरू होतं. मोठी ॲप्स थांबली, पण टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर 'आयडी' विकणारे थांबले नाहीत. त्यांच्या साइट परदेशातून चालतात. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रानं महादेव बुकसह २२ बेटिंग ॲप्स आणि साइट ब्लॉक केल्या, तरी असले धंदे नाव बदलून परत येतात. लगवाडी-खायवाडी तीच जुनी, फक्त चिठ्ठीच्या जागी स्क्रीन आली.

या धंद्याला पैसे फिरवायला बँक खाती लागतात आणि ती खाती आपल्यासारख्या जिल्ह्यांत शोधली जातात. ऑफर साधी असते. 'खातं तुझं, एटीएम कार्ड आणि सिम आमच्याकडे, महिन्याला एवढे पैसे.' कॉलेजच्या पोराला वाटतं, आपण तर एक रुपयाही लावला नाही! पण त्याच खात्यात फसवणुकीचे पैसेही येतात. देशात कुठेतरी कुणीतरी तक्रार करतं आणि इथलं खातं गोठतं. कागदावर नाव असतं ते फक्त खातेदाराचं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२मध्ये टोळीनं चालवलेला बेकायदा सट्टा आणि जुगारही आहे. शिक्षा किमान एक वर्ष, जास्तीत जास्त सात वर्षं.

पहाटे उठून भरतीसाठी पळणारी किती पोरं आपल्याकडे आहेत, हे वेगळं सांगायला नको. गोळाफेक झाली, लेखी निघाली, मेरिटमध्ये नावही आलं, तरी शेवटी चारित्र्य पडताळणी असते. दाखल गुन्ह्याची माहिती तिथे द्यावीच लागते. भाड्यानं दिलेलं खातं नेमकं त्या दिवशी समोर येतं.

आणखी एक गोष्ट. १८७२च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं, की पैजेचा करार कोर्टात टिकत नाही. आयडीवाल्यानं जिंकलेले पैसे बुडवले, तर ते वसूल करायला दावा लावता येत नाही. म्हणजे हरलात तर तुमचे गेले आणि जिंकलात तर त्याच्या मर्जीवर!

एवढं फोनमध्ये सेव्ह करा

खातं, एटीएम कार्ड, सिम, ओटीपी कुणालाही देऊ नका, मित्र असला तरी. दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन लेखी कळवा आणि खातं थांबवा.

फसवणूक झाली तर लगेच १९३० हा नंबर लावा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यात सरकतो.

खेळणं थांबत नसेल, कर्ज वाढत असेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर बोला. कॉल मोफत आहे.

आणि घरी सांगा. सोयाबीनच्या पैशातले दहा हजार गेले, हे सांगायला जीवावर येतं, शिव्याही बसतील. पण ते परत मिळवायच्या नादात गेलेले लाख रुपये सांगणं त्याहून कितीतरी अवघड आहे.