'टेनॅसिटी' म्हणजे काय?

चिकाटीला इंग्रजीत 'टेनॅसिटी' असा एक शब्द आहे. आम्ही इंग्रजी शिकलो ते शाळेत नव्हे, गिरणीच्या फाटकावरील नोटिसा वाचता वाचता. तेव्हा पंडितांनी सांभाळून घ्यावे. शब्दाचे मूळ लॅटिन 'टेनेरे', म्हणजे धरून ठेवणे. कुळाला 'टेनंट' म्हणतात, तेही याच मुळातून. डिंकाच्या चिकटपणालाही हाच शब्द लावतात. आणि आपली 'चिकाटी' तरी कोठली? चिकटण्याच्याच घरची!

कापडधंद्यात मात्र या शब्दाला मोजमाप आहे. सूत तुटेपर्यंत ताणावयाचे, तुटताना किती भार होता तो पाहावयाचा, आणि त्या भाराला ठराविक लांबीच्या सुताच्या वजनाने भागावयाचे. येईल ती त्या सुताची टेनॅसिटी. म्हणजे जाड दोराने भार अधिक पेलला, तरी या हिशेबात बारीक धागा त्याला मागे टाकू शकतो. गंमत अशी, की कापसाचा धागा भिजला म्हणजे अधिक बळकट होतो. रेयॉनचा कमजोर पडतो.

माणसांच्या बाबतीत हा भागाकार कोण करतो? १९२८ साली मुंबईचे गिरणीकामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. शिलकीत दमडी नसलेल्या घराचे सहा महिने आणि तिजोरीवाल्याचे सहा महिने एकाच मापाने कसे मोजावे?

'ऑब्स्टिनसी' म्हणजे हट्ट. अर्थ जवळचाच, पण 'टेनॅसिटी' म्हणणारा धरून ठेवण्याला मान देतो, 'ऑब्स्टिनसी' म्हणणाऱ्याला ते सुटावे असे वाटत असते. वाटाघाटींच्या टेबलावर आम्ही दुसरा शब्द पुष्कळदा ऐकला. पहिला ऐकला तो संप मिटल्यावर, चहाच्या वेळी.