थांबा, सेल्फ मारू नका!

सकाळी बदलापूर स्टेशनजवळ बाइक लावली, लोकल पकडली, कॉलेज गाठलं. दुपारपासून ग्रुपवर पाण्याचे व्हिडिओ यायला लागले. संध्याकाळी कसेबसे परत आलात, तर पाणी ओसरतंय आणि तुमच्या बाइकच्या सीटपर्यंत चिखलाची रेघ. पहिला हात कुठे जातो? चावीकडे. मग सेल्फकडे. तो हात तिथेच थांबवा.

आपल्याकडे हे नवं नाही. २६ जुलै २००५ घरातल्या मोठ्यांना विचारा. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्याची बातमी देशभर गेली. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये बुडालेल्या बाइकची बातमी कोण देणार? तिचे हप्ते मात्र चालूच असतात.

सेल्फ का नाही मारायचा? पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलंत तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. हजार-दीड हजारात मिटणारं काम मग इंजिन उघडण्यावर जातं. दुसरं कारण ऑइलचं. गाडी बंद असेल तर पाणी जड म्हणून इंजिनाच्या तळाशी बसतं आणि ऑइल वर तरंगतं. एकदा का इंजिन फिरलं की दोन्ही घुसळून निघतात आणि आत दूधकॉफीसारखं काहीतरी तयार होतं. त्याला वंगण म्हणता येत नाही. बेअरिंग त्याच्यावर फार दिवस काढत नाही.

मग करायचं काय? आधी फोटो काढा, पाण्याची रेघ दिसेल असे. ते का, पुढे सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. बाइक मेन स्टँडवर घ्या, खाली जुना टब ठेवा आणि इंजिनाच्या तळाचा ड्रेन नट उघडा. आधी पाणी येईल, मग ऑइल. सगळं थेंब थेंब निथळू द्या, घाई नको. आता प्लग काढा आणि इग्निशन बंद ठेवून किक मारा. सिलिंडरमधलं पाणी प्लगच्या भोकातून फसकन बाहेर येतं (तोंड लांब ठेवा, अनुभवाचे बोल आहेत). किक नसेल तर वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवा. एअर फिल्टर भिजला असेल तर बदला. टाकीतही पाणी गेलंय असं वाटलं तर पेट्रोल काढून टाका.

नवीन ऑइल भरा, पण हे पहिलं भरणं फक्त धुण्यासाठी. गाडी दोन-तीन मिनिटं नुसती चालू ठेवा, रेस करू नका, बंद करून ऑइल पुन्हा काढा. अजून पांढुरकं आहे? परत एकदा. स्वच्छ निघालं की फिल्टर बदलून शेवटचं भरा. स्वस्तात मिळतंय म्हणून कारचं ऑइल टाकू नका. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. आणि स्कूटरवाल्यांनो, तुमचं गिअर ऑइल वेगळं असतं, तेही बदला. बेल्टच्या डब्यातही पाणी शिरतं. हे सगळं स्वतः जमत नसेल तर गाडी ढकलत गॅरेजला न्या. ढकलत!

आता फोटोंचं. थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं नुकसान मिळत नाही, त्यासाठी ओन डॅमेजचं कव्हर लागतं. ते असलं तरी बुडालेली गाडी तुम्ही सुरू करून इंजिन मोडलंत, तर कंपनी तो भाग नाकारू शकते. म्हणून आधी फोटो, मग कंपनीला फोन, मगच पाना.

राहिला तो टबमधला काळपट काला. पावसात कोण बघतंय म्हणून गटारात ओतायचा मोह होतो. अंबरनाथ-उल्हासनगरची बरीच गटारं वालधुनीला मिळतात आणि वालधुनी कल्याणजवळ उल्हासला. त्या नदीने आधीच कारखान्यांचं बरंच काही पोटात घेतलंय. ऑइल कॅनमध्ये भरा, झाकण लावा आणि गॅरेजवाल्याला द्या. त्याच्याकडे जुन्या ऑइलचा ड्रम असतो, तो भरला की नेणारे येतात.