पाणी पिणारी फळी

स्वयंपाकघरात भाजी चिरण्याची लाकडी फळी असेल, तर ती उचला, खिडकीपाशी न्या आणि एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाका. सुतार हे नेहमी करतो. फळी सरळ दिसते का? बहुधा नाही. वरची बाजू मध्ये थोडी खोलगट, दोन्ही कडा किंचित उचललेल्या आणि टोकाकडून आत शिरलेली एखादी बारीक चीर, असे काहीसे दिसेल. फळी नसेल तर पोळपाट पाहा, भाकरीचे पीठ मळायची काठवट पाहा. यांना कोणी वाकवले नाही की आपटले नाही. मग हे घडले कसे?

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. लाकडात जंतू राहतात, तेव्हा अशी चिरा पडलेली, हळदीने पिवळी झालेली फळी टाकून द्यावी आणि बाजारातली पांढरीशुभ्र प्लॅस्टिकची फळी आणावी, असे अनेक घरांत म्हणतात. हे खरे आहे का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे लाकूड आणि पाणी यांच्या नात्यात आहेत.

आपल्या घरांत ही फळी तशी उशिरा आली. विळीवर चिरताना पाते स्थिर असते आणि भाजी हलते. त्यामुळे विळीच्या पाटाला पात्याचे वार सोसावे लागत नाहीत. हातात सुरी आली, तेव्हा तिच्याखाली काहीतरी ठेवणे भाग पडले.

नळ्यांची मोळी

लाकूड भरीव दिसते, पण तसे ते नसते. ज्या पदार्थाच्या पेशिभित्ती बनलेल्या असतात, त्याची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट आहे. लाकूड खरोखरच भरीव असते, तर ते दगडासारखे तळाशी गेले असते. सागाचा वाळलेला तुकडा पाण्यावर तरंगतो, याचा अर्थ त्यातली बरीच जागा पोकळ आहे. झाड जिवंत असताना मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या नळ्या आणि त्यांना आधार देणारे पोकळ तंतू मिळून ही जागा बनते. तुमची फळी म्हणजे अशा लाखो नळ्यांची घट्ट बांधलेली मोळीच होय.

यावर विश्वास बसत नसेल, तर बोटभर लांबीचा वेताचा तुकडा मिळवा. (शाळेतला वेताचा जुना उपयोग आता कायद्याने बंद झाला आहे. हा नवा उपयोग अधिक चांगला!) त्याचे एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकाने जोराने फुंका. पाण्यात बुडबुडे येतील. वेत ताडाच्या कुळातला असल्यामुळे त्याच्या नळ्या मोठ्या आणि सलग असतात. साग किंवा शिसव यांच्या नळ्या बारीक, आणि पुष्कळदा मध्येच बुजलेल्याही असतात. पण मोळीचे तत्त्व तेच.

बारीक नळीत पाणी आपोआप चढते. याला केशाकर्षण म्हणतात, हे तुम्ही शिकला आहात. नळी जितकी बारीक, तितके पाणी उंच चढते. काचेच्या स्वच्छ नळीची त्रिज्या एक दशांश मिलिमीटर असेल, तर पाणी जवळजवळ 15 सेंटिमीटर वर जाते. लाकडातल्या मोठ्या नळ्यांची जाडी साधारण याच मापाची किंवा याहून कमी असते आणि तंतूंची पोकळी तर कितीतरी कमी. म्हणून फळीच्या टोकाला, जेथे नळ्यांची तोंडे उघडी असतात तेथे, पाणी फार लवकर शिरते. तंतूंच्या दिशेने पाणी आडव्या दिशेपेक्षा दहापट किंवा त्याहूनही अधिक वेगाने आत-बाहेर करते. चिरा नेहमी टोकाकडूनच का सुरू होतात, याचे कारण येथे आहे. टोक आधी वाळते आणि आकसू पाहते, मधला भाग अजून ओला आणि फुगलेला असतो. या ओढाताणीत टोक फाटते.

सात मिलिमीटरांची गोष्ट

लाकडातले पाणी दोन प्रकारचे असते. एक नळ्यांच्या पोकळीत मोकळे साठलेले. ते आले काय अन् गेले काय, लाकडाच्या आकारात फरक पडत नाही. दुसरे पाणी पेशिभित्तीतल्या सेल्युलोजच्या साखळ्यांच्या मध्ये शिरून बसते आणि त्यांना एकमेकींपासून दूर ढकलते. लाकूड फुगते ते या पाण्यामुळे. वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी भित्तीत मावते. त्यापुढचे सारे पोकळीत जाते.

हे दुसरे पाणी केवळ धुण्यामुळे येते असे नाही. लाकूड ते हवेतूनही घेते आणि हवेला परत देते. हवेची सापेक्ष आर्द्रता 90 टक्के असेल, तर लाकडातले पाणी हळूहळू 20 टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. आर्द्रता 30 टक्के असेल, तर ते सुमारे 6 टक्क्यांवर येते. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात पुन्हा सुटते, ते यामुळेच.

आता थोडे गणित करू. ऐन पावसाळ्यात रत्नागिरीच्या घरात मुरलेली 25 सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी कोणी उन्हाळ्यात नागपूरला नेली. तिच्यातले पाणी 20 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले, म्हणजे 14 टक्क्यांनी घटले. साग पूर्ण ओला असताना जितका रुंद असतो, त्याच्या 5.8 टक्के तो पूर्ण वाळल्यावर आकसतो. ही झाली वार्षिक वलयांच्या स्पर्शिकेच्या दिशेची गोष्ट. हे सारे आकसणे 30 टक्के ते 0 या टप्प्यात होते. तेव्हा आपल्या फळीचे आकसणे 25 × 0.058 × 14/30, म्हणजे सुमारे 0.68 सेंटिमीटर. जवळजवळ 7 मिलिमीटर! लांबीच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेने मात्र हीच फळी अगदी नगण्य कमी होईल. वलयांच्या त्रिज्येच्या दिशेने साग 2.5 टक्केच आकसतो. म्हणजे एकाच लाकडाला तीन दिशांना तीन वेगळे नियम लागू होतात. ते सरळ राहते, याचेच खरे तर आश्चर्य वाटायला हवे.

यातून फळी विकत घेतानाची एक खूण मिळते. तिचे टोक पाहा. तेथे वलयांच्या रेषा फळीच्या पृष्ठभागावर काटकोनात उभ्या असतील, तर फळीच्या रुंदीला 2.5 टक्क्यांचा नियम लागू होतो आणि ती कमी वाकते. रेषा धनुष्यासारख्या आडव्या पसरल्या असतील, तर ती वाकण्याचा संभव अधिक.

पोस्टकार्ड काय सांगते

आता खोलगटपणाकडे वळू. एक जुने पोस्टकार्ड किंवा साध्या जाड कागदाची लग्नपत्रिका घ्या आणि तिची फक्त वरची बाजू ओल्या फडक्याने पुसा. कागद लगेच वाकेल. ओली बाजू फुगून बाहेर येईल, कारण तिला अधिक जागा हवी आहे. आता तो तसाच वाळू द्या. पुष्कळदा तो नुसता सरळ होऊन थांबत नाही, तर उलट बाजूला वाकतो. भिजवलेली बाजू आता आतल्या अंगाला गेलेली दिसते.

फळीचेही असेच होते. आपण वरची बाजू धुतो. ती फुगू पाहते, पण खालचे कोरडे लाकूड तिला पसरू देत नाही. त्यामुळे वरचे तंतू दाबले जातात आणि काही अंशी तसेच दबलेले राहतात. वाळताना ते पूर्वीपेक्षाही आखूड होतात. त्यात आपण ती ओली फळी ओट्यावर आडवी ठेवून देतो. वरची बाजू वाऱ्याने वाळते, खालची ओट्याला चिकटून ओलसर राहते. वर आकसणे, खाली फुगणे! असे शे-दोनशे वेळा झाले, की फळीची ताटली होते.

पोळपाट करणाऱ्या सुतारांनी यावर फार सुंदर तोड काढली आहे. पोळपाटाला पाय असतात. त्यामुळे खालून हवा खेळते आणि दोन्ही बाजू सारख्याच वाळतात. शिवाय पुष्कळ जुन्या पोळपाटांना तीनच पाय असतात. कोणत्याही तीन बिंदूंतून एक प्रतल नेहमी जाते. तेव्हा लाकूड कितीही वाकले, तरी तीन पायांचा पोळपाट डुगडुगत नाही. चार पाय असते, तर पहिल्याच पावसाळ्यात एकाखाली कागदाची घडी सारावी लागली असती.

तेव्हा फळी धुताना दोन्ही बाजूंनी धुवा. ती बादलीत किंवा मोरीत भिजत ठेवू नका. काम संपताच धुवा, पुसा आणि लांब कडेवर उभी करून ठेवा. टोकावर उभी करू नका. खाली साचलेले पाणी टोकातल्या नळ्या वर ओढून घेतील. अंडे, मांस किंवा मासळी चिरली असेल, तर आधी गार पाणी, मग साबण आणि गरम पाणी. प्रथमच कढत पाणी ओतले, तर त्यातली प्रथिने उकडलेल्या अंड्याप्रमाणे गोठून लाकडाला धरून बसतात. मासळीचा वास साबणाने जात नसेल, तर लिंबाची फोड आणि खडे मीठ घेऊन चोळा. हा वास ज्या द्रव्यांचा असतो ती अल्कधर्मी असतात. आम्लाशी संयोग होऊन त्यांचे क्षार बनतात आणि क्षार हवेत उडत नाहीत, म्हणून वास थांबतो. हळदीचा डाग मात्र उन्हाने फिका होतो, कारण तिचे रंगद्रव्य प्रकाशात टिकत नाही. पण ऊन सकाळचे कोवळे आणि तेही थोडाच वेळ. दुपारच्या उन्हात एक बाजू भाजून निघते आणि पोस्टकार्डाची गोष्ट पुन्हा सुरू होते.

जंतूंचे काय?

अमेरिकेतल्या मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर प्रयोग केले. ते 1994 साली प्रसिद्ध झाले. लाकडी फळ्या प्लॅस्टिकइतक्या सुरक्षित कशा करता येतील, हे त्यांना शोधायचे होते. लाकडाच्या आणि प्लॅस्टिकच्या फळ्यांवर त्यांनी रोगकारक जिवाणू सोडले आणि काही वेळाने ते परत मिळवण्याचा प्रयत्न केला. प्लॅस्टिकवरचे जिवाणू तसेच सापडले. लाकडाच्या पृष्ठभागावरचे मात्र थोड्याच वेळात फारसे हाती लागेनात. केशाकर्षणाने पाण्याबरोबर ते आत ओढले गेले होते. आत ते वाढत नव्हते. वाळत जाणाऱ्या लाकडात हळूहळू मरत होते. प्लॅस्टिकची नवी फळी सहज स्वच्छ होत होती, यात शंका नाही. पण सुरीचे ओरखडे पडलेली, चरबी लागलेली जुनी प्लॅस्टिकची फळी हाताने धुऊन स्वच्छ करणे कठीण जात होते.

यावरून लाकूड जंतुनाशक आहे, असे मात्र समजू नका. ही सारी किमया कोरड्या लाकडाची आहे. नळ्या आधीच पाण्याने भरलेल्या असतील, तर त्या आणखी काय ओढणार? सतत ओल्या राहणाऱ्या फळीवर जंतूंना पाणी मिळते, आणि अन्नाचे कण मिळाले की ते वाढू लागतात. सोयीची परिस्थिती असेल, तर काही जिवाणू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात. एका जिवाणूचे आठ तासांत किती होतील, ते तुम्हीच काढा. चोवीस वेळा दुप्पट केल्यावर उत्तर 1 कोटी 67 लाखांच्या पुढे जाते. रात्री न धुता ठेवलेल्या फळीवर सकाळी कोशिंबिरीची काकडी चिरू नये, ती यासाठी. अन्न आणि पाणी संपले की ही वाढ थांबते, पण पोट बिघडायला तेवढी वाट पाहण्याची गरज नसते.

कच्चे मांस आणि मासळी यांसाठी वेगळी फळी ठेवावी, हे मी आग्रहाने सांगेन. तेथे लाकूड की प्लॅस्टिक हा वाद गौण आहे. घरात कोणी निर्जंतुक करण्यासाठी ब्लीचचे पातळ द्रावण वापरत असेल, तर त्याच वेळी लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तेल कोणते?

नळ्यांची तोंडे तेलाने बुजवली, तर पाणी आत जायला वेळ लागतो. पण सगळी तेले सारखी नसतात. शेंगदाण्याचे तेल लाकडावर नीट वाळत नाही. काही दिवसांनी ते चिकट होते आणि त्याला खवट वास येतो. खोबरेल वाळत नाही, पण लवकर खवटही होत नाही. घरात तेच सोयीचे. औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन खवट होतच नाही. जवसाचे कच्चे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्याचा पातळ थर बनतो. रंगाच्या दुकानात मिळणारे ‘उकळलेले’ जवसाचे तेल मात्र स्वयंपाकाच्या वस्तूंना लावू नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात पुष्कळदा धातूंची संयुगे मिसळलेली असतात. आणखी एक सावधगिरी : जवसाचे तेल लागलेली फडकी बोळा करून टाकू नका. ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर पडते. बोळ्यातून ती निघून जाऊ शकत नाही आणि फडके आपोआप पेटू शकते. ते उघड्यावर पसरून वाळवा.

तेल पुन्हा केव्हा लावायचे, हे पाण्याच्या थेंबालाच विचारा. कोरड्या फळीवर एक थेंब टाका. तो गोल उभा राहिला, तर तेल पुरेसे आहे. दोन-चार मिनिटांत तो पसरून तेथे काळपट डाग दिसू लागला, तर तेल हवे. सुरुवात टोकांपासून करा, कारण सर्वांत अधिक पिणारी तोंडे तेथेच असतात.

फळी फारच ओरखडली असेल, तर ती टाकण्याआधी सुताराकडे न्या. रंध्याने एक-दोन मिलिमीटर लाकूड काढले, की खाली नवा पृष्ठभाग मिळतो. मात्र रंधा दोन्ही बाजूंनी सारखाच मारायला सांगा आणि घरी आणल्यावर त्याच दिवशी दोन्ही बाजूंना तेल लावा.