गोळी, पेज आणि दूध

आमच्या वाडीत कोणाच्या हातात औषधाची गोळी दिसली की पहिला सल्ला ठरलेला असतो : "गोळी गरम पडता गो, दुधावांगडा घे." सांगणारी माणसे जाणती असतात आणि मायेने सांगतात. पण प्रतिजैविकांच्या, म्हणजे ज्यांना आपण सर्रास 'ॲन्टिबायोटिक' म्हणतो त्या औषधांच्या बाबतीत हा सल्ला कितपत खरा, हे पाहण्याचा प्रयत्न मी या लेखात करणार आहे. मी शास्त्र शाखेची विद्यार्थिनी नाही. मराठी घेऊन बी. ए. करते. परंतु आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे शेजारपाजारच्या गोळ्यांच्या पट्ट्या वाचायला माझ्याकडेच येतात. वाचून दाखवायचे तर आधी स्वतः समजून घेणे आले.

प्रथम 'गरम पडणे' म्हणजे काय ते पाहू. प्रतिजैविक घेतल्यावर काहींना मळमळते, पोटात जळजळते, काहींना जुलाब होतात. आतड्यात आपल्या उपयोगाचे असंख्य जीवाणू असतात. औषध शत्रूबरोबर त्यांनाही मारते, आणि पोट बिघडते. आपल्या आज्यांनी याच त्रासाला 'उष्णता' म्हटले. त्यांचे निरीक्षण खोटे नाही. प्रश्न आहे तो दुधाच्या उपायाचा.

टेट्रासायक्लिन नावाचे एक जुने प्रतिजैविक आहे. दुधात कॅल्शियम असते. २०० मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण २४० मिलिग्रॅम. गोळी आणि दूध पोटात एकत्र आले की औषधाचा कण कॅल्शियमला घट्ट पकडतो. या पकडीला रसायनशास्त्रात जे नाव आहे, ते खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे. खाडीकाठी राहणाऱ्यांना ही पकड अधिक समजावून सांगायला नको! असे जोडलेले औषध आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेतले तर निम्म्याहून अधिक औषध वाया जाऊ शकते. याच ओढीमुळे ते वाढत्या दातांतील कॅल्शियमलाही चिकटते व दात पिवळे पडतात. म्हणून आठ वर्षांखालील मुलांना ते सहसा देत नाहीत.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि नॉरफ्लॉक्सासिन यांचेही असेच आहे. लघवीच्या जंतुसंसर्गावर ही औषधे पुष्कळदा दिली जातात. दूधच नव्हे, तर दही व ताकही त्यांना अडवते, कारण कॅल्शियम तिथेही आहेच. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्तावरची पांढरी पातळ औषधेही हेच करतात.

आता आमच्याकडचे एक उदाहरण देते. कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचे भय असते. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून हे जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या चिरांतून अंगात शिरतात. दुखणे वाढले तर मूत्रपिंड व यकृत निकामी होऊन माणूस दगावतो. म्हणून चिखलात राबणाऱ्यांना आरोग्य खात्याकडून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. हे औषध टेट्रासायक्लिनच्याच कुळातले. दुधाने त्याचे नुकसान कमी होते, पण होते. उलट अनशापोटी घेतले तर ते फार मळमळवते. एकदा ओकारी झाली की बाया उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून देतात आणि तशाच चिखलात उतरतात. माझी आईही त्याच चिखलात उभी असते, म्हणून हा विषय मला केवळ पुस्तकी वाटत नाही.

यावर उपाय सोपा आहे, आणि तो घरातच आहे : आधी पेज किंवा भाकरी खावी, मग भरपूर पाण्याबरोबर गोळी घ्यावी. गोळी घेऊन लगेच आडवे होऊ नये, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. दूध दोन तासांनी प्यावे. अन्न आणि दूध हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हेच मला मुख्यतः सांगायचे आहे. 'जेवणानंतर घ्या' याचा अर्थ 'दुधाबरोबर घ्या' असा होत नाही.

अर्थात, सर्व प्रतिजैविकांना एकच नियम लावता येत नाही. अमॉक्सिसिलिन जेवणाआधी किंवा नंतर, कसेही चालते. दुधाचेही त्याला वावडे नाही. त्याच्याबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असेल तर मात्र जेवणाच्या सुरुवातीला घेतलेले बरे. अँपिसिलिन आणि क्षयावरचे रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी चांगले लागू पडते. रिकाम्या पोटी म्हणजे जेवणापूर्वी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. त्यासाठी दिवसभर उपाशी राहण्याची गरज नाही. मेट्रोनिडाझोल जेवणाबरोबर वा नंतर घेतल्यास मळमळ कमी होते. गोळी गिळायला मात्र पाणी सर्वांत उत्तम. आपल्याकडे ती चहाच्या घोटाबरोबर घेतात, पण त्या चहातही दूध असतेच.

कोणी म्हणेल, थोडे औषध वाया गेले तर एवढे काय बिघडले? पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. गोळी पूर्ण गिळली आणि रक्तात अर्धीच पोचली, तर तीही अपुरी मात्राच होय. मग दुखणे लांबते, आणखी महाग औषध लागते आणि हातावर पोट असलेल्या घरात मजुरीचे दिवस बुडतात. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारने प्रतिजैविकांचा कारखाना काढला, तो ही औषधे सामान्यांना मिळावीत म्हणून. मिळालेले औषध पेलाभर दुधात फुकट घालवणे आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून औषध घेताना डॉक्टरांना किंवा दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात : ही गोळी जेवणाआधी की नंतर? दूध-दही चालेल का? आणि किती दिवस घ्यायची? घरात लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. पट्टी कापून देताना औषधाचे नाव कापले जाते. ते चिठ्ठीवर लिहून मागावे. असे विचारायला आपली माणसे संकोचतात. डॉक्टर रागावतील, आपल्याला अडाणी समजतील, असे त्यांना वाटते. मित्रमैत्रिणींनो, आपण त्यांच्यासोबत जाऊन हे प्रश्न विचारू शकतो. त्यासाठी शास्त्राची पदवी लागत नाही. आणि आजीला दूध बंद करायला सांगण्याचेही कारण नाही. गोळीनंतर दोन तासांनी तिने मायेने दिलेला पेला खुशाल प्यावा.