काळ्या मातीला नांगर किती लागतो?

वऱ्हाडातल्या साखरखेर्ड्याच्या शिवारात उन्हाळ्यात फिरताना माझी नजर भेगांवरून हटत नाही. काही भेगांत काठी कोपरभर आत जाते. वैशाखात वरची भुरभुरीत माती त्यांत गळत राहते, मृगाच्या पावसात खालची चिकणमाती फुगते, भेग मिटते आणि खालचा थर वर सरकतो. मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीतले खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आक्रसते, त्याची ही करामत. काळी माती स्वतःच स्वतःला नांगरून घेते. अशा मातीला दरवर्षी ट्रॅक्टरने फूटभर उलथायचे, ते कशासाठी?

आपल्या वऱ्हाडात ही रीत मुळात नव्हतीच. इथले खरे अवजार वखर. कुंदा, हरळी माजली तरच नांगर बाहेर निघायचा. रब्बीच्या गव्हासाठी रान खरिपात पड ठेवायचे आणि पावसाच्या उघडिपीला वखराच्या पाळ्या द्यायच्या. वखराची पास दोन-तीन बोटे खोल चालते, तण कापते, भेगा बुजवते. खालची ओल जागेवर राहते. मग पेरणीची तिफण. चाड्यात मूठ सोडायची, बी नळ्यांतून फणाच्या मागे पडते. फण चीर पाडतो, माती पालथी करत नाही. आज ज्याला झिरो टिल ड्रिल म्हणतात, त्याचे मर्म या लाकडी तिफणीत आहे, असे माझे ठाम मत आहे.

इथे बियाण्याबद्दल जरा सविस्तर सांगायलाच हवे. कोरडवाहू गव्हाचे बी ओलीपर्यंत पोहोचले पाहिजे, आणि ऑक्टोबरअखेर ओल खाली खाली जाते. गव्हाच्या कोंबावर एक संरक्षक आवरण असते. ते जितके लांब, तितक्या खोलीतून कोंब सुखरूप वर येतो. बन्सीसारख्या उंच जुन्या गव्हाचे आवरण लांब. 1960 नंतर नोरिन-10 या जपानी वाणाची जनुके घेऊन बुटके गहू आले, ताट लोळायचे थांबले. पण ताटासोबत हे आवरणही आखूड झाले. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ खोल पेरणीसाठी लांब आवरणाचा गहू घडवत आहेत. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कोरडवाहूसाठी 'शरद' हा बन्सी वाण दिला. वाण आणि पेरणीयंत्र यांचा विचार एकत्रच व्हायला हवा.

नांगर सोडण्याचा जगातला इतिहास थोडक्यात असा: 14 एप्रिल 1935 रोजी अमेरिकेच्या गहूपट्ट्यात धुळीने दिवसाची रात्र केली, 1943 मध्ये एडवर्ड फॉकनरने नांगराविरुद्ध पुस्तक लिहिले, 1962 मध्ये केंटकीच्या हॅरी यंगने विनानांगरणीची पेरणी केली. सोलापूरला 1933 पासून कोरडवाहू संशोधन सुरू झाले. गंगेच्या खोऱ्यात भातानंतर थेट गहू पेरण्याची पद्धत रुजली, कारण पेरणी वेळेवर होते.

महाराष्ट्रात नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा तंत्र रुजवले: एकदा गादीवाफे करायचे, मग मुळे जमिनीतच कुजू द्यायची. नेरळला भातकापणीनंतरचे वाफे मी हाताने चाचपले. जुन्या मुळांच्या जागी बारीक पोकळ्या होत्या, पाणी तिथून खाली उतरते. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी 'ॲग्रोवन'मधून हेच वर्षानुवर्षे मांडले. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही विदर्भ-मराठवाड्यात शून्य मशागतीचा प्रसार हाती घेतला.

  इकडे साखरखेर्ड्याशेजारची सोयाबीनची राने मला खुणावतात. सोयाबीन आले आणि खरिपाची पड संपली. आता कापणी आणि रब्बी पेरणी यांत हाताशी थोडेच दिवस उरतात. त्यात रोटाव्हेटर फिरवला की उरलीसुरली ओलही उडते, आणि कोरडवाहू गव्हाऐवजी शेतकरी हरभऱ्याकडे वळतो. खरे तर सोयाबीन पिकताना आपला पाला स्वतःच गाळते, विळ्याने कापले की मुळे जमिनीतच राहतात. थेट पेरणीची निम्मी तयारी पीकच करून ठेवते.

अडचणी दोन, आणि दोन्ही मोठ्या. नांगर गेला की तणनाशकाचा आधार वाढतो. ही किंमत मला सलते. दुसरी अडचण कुटाराची, म्हणजे मळणीनंतर उरणाऱ्या भुशाची. वखर न फिरवता भेगा आवरायच्या, तर जमिनीवर आच्छादन हवे. पण कुटार गुरांना लागते, किंवा मळणीच्या जागी ढीग होऊन पडते आणि पेटवले जाते. गुरांचा वाटा काढून उरलेले कुटार पेटवण्याआधी रानात पसरले, तर पहिल्याच रब्बीत एका पट्ट्यावर फरक पाहता येईल: माघात त्या पट्ट्यातल्या भेगा शेजारच्या वखरलेल्या पट्ट्यापेक्षा किती उघडल्या, ते मोजायचे.